लेकीच्या नावावरचे मैल

क्षितिज आणि नॉर्डेन या दोन विमान कंपन्या एक झाल्या, त्या सकाळी हनुमंत काळोखे चिंचवडच्या आपल्या घरात चहात खारी बुडवत बसला होता. फोन वाजला. निरोप गोड होता, असल्या निरोपांची भाषा गोडच असते. आता दोन्हीकडचे तुमचे मैल एका खात्यात सुखाने नांदतील, एकाच कार्डावर सारं आकाश तुमचं, वगैरे. त्याच्याखाली एक बारीक पट्टी होती आणि खरी बातमी त्या पट्टीत होती. पट्टी हिरवी होती.

हनुमंतने ती पाहिली, फोन उपडा ठेवला. तोवर खारी चहात तुटून पडली होती. त्याला ना पट्टीचं काही वाटलं ना खारीचं.

त्याच्या कामावरच्या मंडळींचा मात्र फोनवर आकांत चालला होता. एकेकाची पट्टी लाल होत गेली. दुपारपर्यंत 'भाटे हातोहात सेवा'मधले सगळे लाल झाले. उरला हिरवा हनुमंत एकटा. लाल म्हणजे आता जन्मात विमानात बसायचं नाही. तिकीटच मिळणार नाही, मग खिडकीजवळची जागा मागा नाहीतर शौचालयाजवळची.

हातोहात सेवा म्हणजे काय, ते सांगायला हवं. चाकणच्या कारखान्यात बनलेला एखादा व्हॉल्व्ह जर्मनीतल्या कारखान्यात वेळेवर पोचला नाही की तिथली लाइन बंद पडते. मालवाहू विमानाची वाट बघायला वेळ नसतो. मग एक माणूस तो व्हॉल्व्ह मांडीवर घेऊन पुढच्या विमानात बसतो, तिकडे सही घेऊन माल हवाली करतो आणि मिळेल त्या विमानाने परत येतो. हनुमंतने सारी हयात हेच केलं होतं. जग त्याने पुष्कळ पाहिलं, पण विमानतळाच्या दारापर्यंतच. नाव हनुमंत आणि धंदा उडण्याचा, म्हणून मित्रांनी त्याला कधी सोडलं नाही. म्हणत, पहिला हातोहात कुरियर मारुतीच. मागितली होती मुळी आणि घेऊन आला डोंगर, वर बिचाऱ्याला मैलही मिळाले नाहीत.

मैलांचं एक जग होतं. जितकं उडाल तितके मैल तुमच्या खात्यात पडणार, मैल वाढले की मान वाढणार, फुकट तिकीट मिळणार, वेगळ्या दालनात बसून उपमा खायला मिळणार. ही सगळी चैन होती. मग शास्त्रज्ञांनी रक्ताचा एक थेंब वाचायची युक्ती काढली आणि चैनीचा हिशेब उलटा झाला.

आकाशातून कण कोसळत असतात हे जुनंच ज्ञान आहे. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटातून निघालेले कण पृथ्वीच्या हवेवर आदळतात, हवेतले अणू फुटतात, त्यातून न्यूट्रॉनांचा शिडकावा होतो. जमिनीवर आपल्या अंगावर हवेची जाडजूड गोधडी असते, म्हणून आपल्याला त्याचं काही नाही. विमान चढतं तिथे ही गोधडी विरलेली असते. न्यूट्रॉन पेशीत घुसला की तिच्यातला वारशाचा धागा एका जागी तोडत नाही, झुबक्याने तोडतो. पेशी घाईघाईने तो शिवून घेते, पण टाके वेडेवाकडे पडतात आणि जन्मभर तसेच राहतात. नवी युक्ती होती ती हे टाके मोजण्याची. मोजल्यावर कळलं की धोका एकसारखा वाढत नाही. बराच काळ सपाट असतो, मग अचानक एक पायरी चढतो. त्या पायरीच्या अलीकडे माणसाला थांबवायचं, असं जगभरच्या सरकारांनी ठरवलं. अंगात शिरलेल्या या आकाशाला नाव पडलं 'मात्रा'.

पण जगातल्या प्रत्येकाचं रक्त कोण तपासणार? ते महागडं काम होतं. तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की कोण किती उडालं याची टिपणं आयती तयार आहेत, आणि ती सरकारजवळ नसून विमान कंपन्यांच्या मैलांच्या योजनांमध्ये आहेत. मग काय, मैल तिथे मात्रा. ज्या खात्यावर लोक कौतुकाने मैल साठवत होते, त्याच खात्यावर आता त्यांची मात्रा साठू लागली.

यातही एक पळवाट होती. प्रत्येक कंपनी आपापली मात्रा मोजत होती. प्रतिस्पर्ध्याला आपली टिपणं कोण दाखवतो? भागीदार कंपन्या मात्र मैलांची देवघेव करत, त्यांची मात्रा एकत्र व्हायची. म्हणून हातोहातवाल्यांनी दोन अशा कंपन्या निवडल्या की ज्यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य. एक खेप क्षितिजने, एक नॉर्डेनने. दोन कार्डं म्हणजे दोन आयुष्यं. मालक भाटे यांना हे ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि रात्रीच्या बातम्यांत कंपन्यांच्या भागीदारीचं काही आलं की ही मंडळी दहावीच्या निकालाला बसल्यासारखी बसत. आणि शेवटी विळ्याने भोपळ्याशी लग्नच लावलं.

भाटेसाहेब त्या दुपारी पेढे घेऊन हनुमंतच्या घरी आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते. तूच एक उरलास, म्हणाले. सगळ्या खेपा आता तुलाच. हनुमंत म्हणाला, "बरं." साहेबांनी विचारलं, तू हिरवा कसा राहिलास रे? हनुमंतलाही ते कोडंच होतं. तो इतरांपेक्षा जास्तच उडाला होता.

कोडं संध्याकाळी सुटलं. हॅलिफॅक्सहून रेवाचा फोन आला. तिथे सकाळ होती. रेवा त्याची एकुलती एक लेक, कॅनडात शिकायला गेली आणि तिथलीच झाली. तिला सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे केव्हाच ठरलं होतं. आई नव्हती तरी हनुमंतची थोरली बहीण, भोसरीची शांताअक्का, कंबर कसून तयार होती. पोटातल्या बाळाची मर्यादा वेगळी असते. त्या मर्यादेत एक प्रवास बसतो, तोही सातवा संपायच्या आत. तिकीट काढून झालं होतं.

"पप्पा, माझं तिकीट रद्द केलं त्यांनी," रेवा म्हणाली. "मी लाल झाले."

रेवा जन्मात मोजकंच उडाली होती. शिकायला गेली तेव्हा, आई गेली तेव्हा, आणि आपल्या लग्नाला. बास. तिच्या जावेने कुत्सितपणे विचारलंही म्हणे, चोरून कुठे कुठे जात होतीस?

हनुमंतला मात्र क्षणात उमगलं.

क्षितिजच्या योजनेत पूर्वी कुटुंबाची एक सवलत होती. बापाने उडावं आणि मैल लेकराच्या नावावर टाकावेत. रेवा दुसरीत असताना हनुमंतने तिचं नाव त्यात घातलं. बाकीचे बाप परदेशातून चॉकलेटं आणत. हनुमंतला बाजारात जायला कधी वेळच मिळाला नाही, म्हणून तो परत आला की लेकीला मांडीवर घेऊन फोन दाखवायचा, हे बघ, तुझ्या नावावर आज केवढं आकाश जमा झालं. ती त्यावर बोट फिरवायची. त्या मैलांवरच पुढे ती कॅनडाला गेली. आपण लेकीसाठी काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर हनुमंतकडे हे एकच उत्तर होतं.

मात्रेचा कायदा आला तेव्हा यात बिघडलं काहीच नव्हतं. मैल कुणाच्याही खात्यात असोत, खुर्चीत कोण बसलं होतं ते क्षितिजच्या जुन्या यंत्रात नोंदलेलं होतं. पण कंपन्या एक झाल्या तेव्हा ते यंत्र मोडीत गेलं. नव्या यंत्रात फक्त खात्यावरची बेरीज आली, खुर्च्या आल्या नाहीत. घर बदलताना आपण डबे नेतो, कुठल्या डब्यात पूर्वी काय होतं ते कुठे नेतो? नव्या यंत्राने बेरीज पाहिली आणि मैल तिथे मात्रा लावून टाकली. क्षितिजवरची बापाची काठोकाठ भरत आलेली मात्रा लेकीच्या नावावर गेली, तिच्या स्वतःच्या मोजक्या प्रवासांनी काठ ओलांडला, आणि बाप नुसत्या नॉर्डेनवर हिरवागार राहिला.

त्याने तासाभराने परत फोन लावून हे सगळं रेवाला सांगितलं.  मग तिने विचारलं, हे दुरुस्त होईल ना? होईल, हनुमंतने तोवर कंपनीच्या बोलक्या यंत्राला विचारून घेतलं होतं. खरोखर जो उडाला त्याने अमुक मुदतीत दावा करायचा आणि रक्त द्यायचं. टाके खोटं बोलत नाहीत. मात्रा ज्याची त्याला मिळेल. मग रेवा हिरवी होईल.

"आणि तुम्ही?"

"मी लाल."

"कायमचे?"

"हो."

पलीकडे चमचा कपावर वाजल्याचा आवाज आला. रेवा म्हणाली, मग राहू दे. दावाबिवा काही करू नका. मी इथेच बाळंत होते. तुम्ही या इकडे. हिरवे आहात तर या.

"बरं," हनुमंत म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने आपण दुःखी आहोत का हे तपासून पाहिलं. तसं काही जाणवलं नाही. हे असं तीन-एक वर्षांपासून होतं. त्याची बायको वैशाली गेली तेव्हा तो कॅस्पियन समुद्रावर कुठेतरी होता, मांडीवर रबरी सीलांची पेटी. उतरल्यावर निरोप मिळाला. तो आधी पेटी पोचवायला गेला. सही घेतली. मग तिथल्या विमानतळावरच्या बाकावर बसला आणि रडू यायची वाट पाहिली. ते आलं नाही. तेव्हापासून आत सगळं बधिर होतं. खेपा त्याने उलट वाढवल्या. विमानात कुणी बधिर असलं तरी कळत नाही, तिथे सगळेच तसे बसलेले असतात.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं वैशाली त्याला आणायला यायची, दोन बसगाड्या बदलून, लोहगावच्या जुन्या विमानतळावर. पुढे छोट्या रेवाला घेऊन यायची. दोघी लोखंडी कठड्याला टेकून उभ्या दिसायच्या. विमान कितीही उशिरा येवो, हनुमंत विचारायचा, किती वेळ झाला येऊन? वैशाली म्हणायची, आत्ताच आलो. हनुमंतला समाधान वाटायचं. बायको हुशार आहे, विमानाची वेळ बघून निघते. मग रेवाची शाळा वाढली आणि ते येणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तो भाटेसाहेबांना भेटला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चूक यंत्राची आहे, तुझी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला कॅनडाचीच खेप देतो, लेकीचं बाळंतपण कर, महिनाभर राहा. हवं तेव्हा जात जा, नातवंड बघत जा. दावा केलास तर तू घरी बसशील आणि माझा धंदा पण बसेल. आणि रेवाचं काय? तिला तिकडे राहायचंच आहे ना?

यात खोटं काहीच नव्हतं. बाप-लेकीच्या वाट्याला मिळून एकच आकाश उरलं होतं, आणि ते आयतं बापाच्या पदरात पडलं होतं. काही न करता गप्प बसणं एवढंच त्याला करायचं होतं. गप्प बसणं हनुमंतला चांगलं जमत असे.

अक्काला निरोप द्यायला तो भोसरीला गेला. अक्का चुलीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरात डिंक तळत होती. तुपात टाकला की डिंक फुलून वर येत होता. सुंठ, खोबरं, खारीक सगळं मांडून ठेवलेलं. हनुमंत म्हणाला, रेवा येत नाही. मीच जातोय. लाडू बांधून दे, घेऊन जाईन.

अक्काने गॅस बारीक केला आणि विचारलं, का येत नाही? त्याने समजावून सांगितलं. अक्का आयुष्यात विमानात बसली नव्हती, पण मैल, मात्रा, खातं सगळं तिने ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिने विचारलं, म्हणजे तुझ्या अंगात जे शिरलं ते तिच्या अंगात आहे असं कंपनी धरते? तो म्हणाला, तसंच.

"आन् तू तिथं जाऊन काय करणार?" अक्का म्हणाली. "बाळंतपण म्हंजे लाडू पोचवणं न्हवं, हनुमंता. तिच्या अंगाला तेल लावायचं, शेक द्यायचा, पोर रडलं की तिच्याआधी उठायचं. तुला यातलं काय येतंय? तू लाडू दिशील, सही घेशील आन् येशील माघारी."

हनुमंत पाट ओढून बसला.

अक्काने झारा खाली ठेवला. "जल्मभर लोकांची ओझी वाहिलीस. स्वतःचं तेवढं पोरीच्या डोक्यावर ठिवलंस."

ती पुन्हा डिंकाकडे वळली. तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. तो तिथेच पाटावर बसून राहिला. पाय बधिर झाल्यावर रक्त परतू लागलं की मुंग्या येतात, तसं काहीतरी त्याला छातीत झालं. ते दुखणं नव्हतं. पण काही नाही असंही त्याला म्हणता येईना. तळलेल्या डिंकाचा वास आपल्याला येतोय, हे त्याला जरा वेळाने कळलं.

घरी न जाता तो तसाच रक्त द्यायला गेला.

केंद्रावरच्या डॉक्टर निकुंभबाई बोलक्या होत्या. त्यांनी पडद्यावर त्याचे टाके दाखवले. धाग्यावर ठिकठिकाणी गाठी, काही एकट्या, काही गुच्छाने. हे ध्रुवाजवळच्या मार्गांचे असतील, त्या म्हणाल्या, तिथे मारा जास्त. ही अख्खी गर्दी एका सौर वादळातली दिसते, आठवतं का काही? हनुमंतला आठवत नव्हतं. त्या रात्री तो कुणाचातरी सेन्सर मांडीवर घेऊन झोपला असेल. बाई म्हणाल्या, तुम्ही पायरी ओलांडलीत. आज तुम्हाला काही नाही, उद्याही बहुतेक काही होणार नाही. फक्त आता वर जाऊ नका.

त्याने विचारलं, महाबळेश्वर चालेल का? महाबळेश्वर चालेल, त्या हसून म्हणाल्या, विमान नको.

मग यंत्राने त्याला गोड आवाजात विचारलं, हा दावा मान्य केल्यास आपण यापुढे आजीवन प्रवास करू शकणार नाही, आपली खात्री आहे का? हनुमंतने हो म्हटलं. यंत्राने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा हो म्हटलं. पट्टी लाल झाली. तेव्हाही त्याला फारसं काही वाटलं नाही. मुंग्या तेवढ्या होत्या.

रेवाला हे कंपनीच्याच निरोपातून कळलं. तिचा फोन आला तो चिडूनच.

"मला विचारायचं तरी, पप्पा."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच होते नको! आता तुम्हाला कधीच इकडे येता येणार नाही. माझं घर बघितलंय तुम्ही? माझं स्वयंपाकघर? बाळ इथे वाढणार, इथल्या शाळेत जाणार. तुम्हाला त्यातलं काही दिसणार नाही."

हे सगळं खरं होतं. हनुमंत कठड्यावर वाळत घातलेल्या टॉवेलाकडे बघत उभा राहिला. वैशाली गेल्यापासून या घरात फारसं वाळत घालायला काही नसे.

"तू येत जा," तो म्हणाला.

 मग रेवा हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही असंच म्हणायचात. येतो, येतो."

 तिने दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिने नवं तिकीट काढल्याचं कळवलं. मैल दुरुस्तीत गेले होते, तेव्हा साध्या प्रवाशासारखं, शेवटच्या रांगेतलं.

भाटेसाहेबांनी बोलून दाखवलं काही नाही, पण हनुमंतची कामाची पेटी परत घेताना त्यांनी तिच्या कड्या उगाच दोन-तीनदा उघडून लावल्या. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला टेबलावर बसवलं. आता नव्याने भरती झालेली पोरं उडत होती आणि कोण कुठे पोचलं हे हनुमंत बघत होता. एक पोरगी इस्तंबूलला अडकली तेव्हा तिचा फोन येईपर्यंत तो जेवायला उठला नाही. आपण अडकायचो तेव्हा आपल्याला पुढच्या विमानाची काळजी असायची. इकडे कुणीतरी ताट झाकून बसलं असेल, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

रेवा यायच्या दिवशी तो पुरंदरच्या नव्या विमानतळावर पोचला. किती लवकर निघावं याचा त्याला अंदाज येईना. वाटेत गाडी बंद पडली तर? ती बाहेर आली आणि आपण नसलो तर? अवघडलेली पोर, एकटी. म्हणून तो इतका आधी निघाला की पोचला तेव्हा तिचं विमान अजून समुद्रावरच होतं.

या बाजूला तो जवळजवळ पहिल्यांदाच उभा होता. ती काच, ते सरकतं दार त्याने हजारदा पाहिलं असेल, पण नेहमी आतून. बाहेर कठड्याला लागून माणसं असतात हे त्याला माहीत होतं. ती त्याच्या वाटेतली गर्दी होती, बाजूला सारून टॅक्सीकडे जायचं. आता तो त्या गर्दीत होता. एक बाई जेवणाचा डबा छातीशी धरून होती. एका म्हाताऱ्याच्या हातात मोगऱ्याचा गजरा होता आणि तो मधूनमधून त्यावर पाणी शिंपडत होता. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, मिटलं की खाली.

मग फलकावर उशीर झळकला. सूर्यावर वादळ उठलं होतं, विमान खालच्या हवेतून सावकाश येत होतं. गोधडी अंगावर घेऊन. हनुमंतला ते बरं वाटलं. बाळाच्या अंगावर गोधडी असलेली बरी. शेजारच्या माणसाने सांगितलं, काका, बसून घ्या, मागे खुर्च्या आहेत. पण कठड्याची जागा सोडली की मागच्या रांगेत जावं लागतं, आणि तिथून दार दिसत नाही. तो उभाच राहिला. ऊन खांबावरून उतरून फरशीवर आलं. त्याने बूट काढले, पुन्हा घातले. अक्काचा दोनदा फोन आला. पाणी तापवून ठेवलंय म्हणाली.

दार उघडत होतं, मिटत होतं, आणि दर वेळी ती नसायची. तो टाचा उंचावून पुन्हा आत बघायचा. 

शेवटी ती आली. सामानाची ट्रॉली ढकलत, एक हात पाठीला लावून, चालणं बदललेलं. तिने आधी लांबवर टॅक्सीच्या बाजूला पाहिलं. हा माणूस कठड्याला असेल हे तिच्या ध्यानी येणं शक्यच नव्हतं. हनुमंतने हात वर केला. 

ती जवळ आली. त्याने ट्रॉली हातात घेतली. डोक्यावरून हात फिरवावा की नाही हे त्याला कळेना, म्हणून त्याने तिच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला अडकवली.

"किती वेळ झाला, पप्पा, येऊन?" तिने विचारलं.

"आत्ताच आलो," तो म्हणाला.

रेवाने त्याच्याकडे पाहिलं. मग खाली, त्याच्या अर्धवट बांधलेल्या बुटांकडे, कठड्याखाली ठेवलेल्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्यांकडे.

"आईपण हेच सांगायची," ती म्हणाली. "आम्ही सकाळपासून असायचो तिथे. तुमचं विमान रात्री असलं तरी. तिला भीती वाटायची, बस चुकली आणि तुम्ही येऊन निघून गेलात तर. मी कठड्याखाली तिच्या शालीवर झोपायचे. तुम्ही दिसलात की मला उठवून केस सारखे करायची, आणि म्हणायची, पप्पांनी विचारलं तर सांगायचं, आत्ताच आलो."

हनुमंतने ट्रॉलीची दांडी घट्ट धरली. ज्या रडण्याची त्याने परक्या विमानतळाच्या बाकावर बसून वाट पाहिली होती, ते आता आलं. लोक बघत होते. डब्यावाली बाई बघत होती. त्याला ते थांबवता येईना, आणि थांबवावंसंही वाटेना.

रेवाने घाई केली नाही. ती कठड्याला टेकली, एक हात पोटावर ठेवला, आणि त्याचं होईपर्यंत उभी राहिली.